बारा चाचण्या, पण एकही प्रश्न नाही: घरपोच ‘लैंगिक आरोग्य’ पॅकेजचे परीक्षण

आम्हा दोघांचेही हे दुसरे लग्न. माझा घटस्फोट होऊन चार वर्षे झाली आहेत आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याची पहिली पत्नी जाऊन सहा. दोन्ही घरांनी पत्रिका बाजूला ठेवायचे मान्य केले, तेव्हा त्यांच्याऐवजी एकमेकांचे रक्त-लघवीचे अहवाल बघावेत असे आम्ही दोघांनी, घरच्यांना न सांगता, ठरवले. पुण्यातल्या एका खासगी लॅबचे घरपोच पॅकेज त्यासाठी घेतले, आणि पुढच्या दोन महिन्यांत जे घडले त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. लॅबचे नाव देत नाही. त्यांच्याकडे लेखी तक्रार केलेली आहे आणि तिचे उत्तर यायचे आहे. शिवाय याच साच्याची पॅकेजे इतरही बऱ्याच ठिकाणी विकली जातात, त्यामुळे नावापेक्षा साचा समजून घेणे वाचकांच्या जास्त उपयोगाचे आहे.

पॅकेजची किंमत माणशी ४,२०० रुपये होती. त्यात एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस म्हणजे उपदंशाची चाचणी), कावीळ बी आणि सी, हर्पिस या फोड आणणाऱ्या विषाणूच्या दोन्ही प्रकारांविरुद्ध शरीराने बनवलेल्या आयजीजी आणि आयजीएम अँटिबॉडी, क्लॅमिडिया या संबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या अँटिबॉडी, आणि लघवीतून सात जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी पीसीआर असे सगळे मिळून ‘बारा चाचण्या, एकच सुई’ या ओळीखाली दिलेले होते. नोंदणी करताना ॲपने वय, पत्ता, सोयीची वेळ, सवलतीचा कूपन क्रमांक आणि पैसे भरण्याची पद्धत विचारली. शेवटचा संबंध कधी आला, निरोध वापरला होता का, काही त्रास आहे का, पूर्वी कधी तपासणी झाली होती का, गरोदरपणाची शक्यता आहे का, यांपैकी काहीही विचारले नाही. हे प्रश्न चौकशीखातर नसतात, त्यांच्यावाचून अहवालाचा अर्थच लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेत होणारी एचआयव्हीची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) चाचणी ‘निगेटिव्ह’ आली तर तिच्यावर पूर्ण विसंबण्यासाठी शेवटच्या जोखमीच्या संबंधानंतर साधारण ४५ दिवस उलटलेले असावे लागतात, आणि बोटावर सुई टोचून होणाऱ्या झटपट अँटिबॉडी चाचणीसाठी ९० दिवस. गेल्या आठवड्यात धोका पत्करलेल्या माणसाला हेच पॅकेज हिरव्या अक्षरांत ‘आढळले नाही’ असे सांगून मोकळे झाले असते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे एचआयव्हीच्या चाचणीला समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि चाचणीआधीचे व नंतरचे समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. आमची संमती म्हणजे अटी-शर्तींच्या शेवटी आधीच बरोबरची खूण केलेली एक चौकट होती.

सकाळी साडेसातला नमुना घ्यायला आलेला मुलगा हाताने हलका आणि स्वभावाने नम्र होता, सुई टोचल्याचे कळलेही नाही. दार मात्र आईने उघडले. मी तिला थायरॉईडची तपासणी असल्याचे सांगून ठेवले होते, आणि त्याने उंबऱ्यातच फोनवर बघून पॅकेजचे पूर्ण नाव मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. आई काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली आणि तो निघून जाईपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर त्याने लघवीची बाटली हातात देऊन सांगितले, “मॅडम, सुरुवातीची थोडी सोडून द्या, मधल्या धारेची भरा.” लघवीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीसाठी, हे बरोबर आहे. क्लॅमिडिया आणि गोनोरियाच्या (परम्याच्या) पीसीआरसाठी मात्र ते नेमके उलटे आहे, कारण हे जंतू मूत्रमार्गाच्या अस्तराला धरून राहतात आणि पहिल्या धारेबरोबर धुऊन येतात. म्हणून तासभर लघवी न करता नंतरची पहिली धारच घ्यायची असते, आणि स्त्रियांच्या बाबतीत लघवीपेक्षा योनिमार्गाचा स्वतः घेतलेला स्वॅब जास्त भरवशाचा असतो. म्हणजे पॅकेजमधली सर्वांत महागडी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची चाचणी बाटली भरतानाच अर्धी वाया गेली होती.

अहवाल दुसऱ्या दिवशी रात्री पावणेबाराला ॲपवर आला. दहा ओळी हिरव्या आणि दोन लाल. माझ्या अहवालात हर्पिसच्या दुसऱ्या प्रकाराची आयजीजी १.६ होती, आणि शेजारच्या रकान्यात ‘१.१ च्या वर पॉझिटिव्ह’ असे छापलेले होते. आयजीएमही लाल होती. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या अहवालात लघवीत युरियाप्लाझ्मा नावाचा जंतू ‘आढळला’. खाली ‘तज्ज्ञांशी बोला’ असे बटण होते. ते दाबल्यावर सकाळी दहानंतरची वेळ मिळाली, म्हणजे रात्रभर आम्ही दोघे आपापल्या घरी फोनचा उजेड तोंडावर घेऊन इंटरनेटवर हर्पिसचे फोटो बघत होतो. सकाळी बोललेल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत हर्पिस हा आजार जन्मभराचा असल्याचे सांगितले आणि दोघांसाठीही सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची चिठ्ठी ॲपवर पाठवली. मला आजवर कधी फोड आलेला नाही, त्याला कधी जळजळ झालेली नाही. तरीही हे कुणाकडून कुणाला आणि कधी आले असेल, असा हिशेब मनात सुरू झालाच. त्या हिशेबात माझा पूर्वीचा नवरा आला, होणाऱ्या नवऱ्याची गेलेली बायको आली, आणि जिला उत्तर देता येणार नाही अशा माणसावर आपण संशय घेत आहोत याची त्याला इतकी लाज वाटली की तो आठवडाभर माझ्याशी नीट बोललाच नाही. शेवटी बोलला तो एवढेच, “आपण मंगळ दारातून बाहेर काढला आणि चार हजार रुपये देऊन खिडकीतून आत घेतला.”

तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका ज्येष्ठ त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. फी आठशे रुपये, आणि साऱ्या प्रकरणात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच. त्यांनी अहवाल बघण्याआधी वीस मिनिटे प्रश्न विचारले, तपासले, आणि मग १.६ या आकड्यावर पेनने गोल केला. त्यांनी जे समजावले त्याचा सारांश असा. हर्पिसच्या या अँटिबॉडी चाचणीत १.१ ते ३ या पट्ट्यातले ‘पॉझिटिव्ह’ बऱ्याचदा खोटे निघतात, आणि आयजीएमचा तर लैंगिक हर्पिसच्या निदानासाठी उपयोगच नाही, कारण ती दोन प्रकारांत धड फरक करत नाही आणि संसर्ग नवा की जुना हेही सांगत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यगटाने २०१६ साली सर्व पुरावा तपासून लक्षणे नसलेल्या लोकांची हर्पिससाठी रक्ततपासणी करू नये अशी स्पष्ट शिफारस केली आणि २०२३ मध्ये ती कायम ठेवली. त्यांच्या हिशेबात सर्वसाधारण लोकांत मिळालेल्या ‘पॉझिटिव्ह’ उत्तरांपैकी जवळपास निम्मी खोटी असू शकतात, आणि उरलेल्या खऱ्यांसाठी, फोड आलेले नसताना, करण्यासारखे फारसे काही नसते. मग मी पुन्हा चाचणी करू का, असे विचारले. त्यांनी मलाच उलट विचारले, “उत्तर ‘हो’ आले तर उद्यापासून काय वेगळे करणार, आणि ‘नाही’ आले तर काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी ती चाचणी पुन्हा केलेली नाही.

युरियाप्लाझ्माबद्दल त्या जरा चिडूनच बोलल्या. हा जंतू असंख्य निरोगी स्त्री-पुरुषांच्या शरीरात काहीही न करता राहतो. त्याचा सरसकट शोध घेऊ नये आणि सापडला म्हणून लक्षणांवाचून उपचार करू नयेत, असे युरोपातल्या गुप्तरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ सालीच सांगितले आहे. सात जंतूंच्या पीसीआरमध्ये तो येतो, कारण तो यंत्राच्या तयार किटमध्ये असतो. रुग्णाला त्याची गरज आहे का, हे कुणी बघितलेले नसते. आम्ही ते डॉक्सिसायक्लिन घेतले नव्हते याचे त्यांना समाधान वाटले. गोनोरियावर एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी पुरत असे. ती आता आपल्याकडे जवळजवळ निकामी झाली आहे, आणि प्रत्येक अनावश्यक प्रतिजैविकाने उरलेल्या औषधांचीही तीच गत जवळ येते, असे त्यांचे म्हणणे. (चिठ्ठी मात्र ॲपवर अजून तशीच आहे, ‘औषधे मागवा’ या हिरव्या बटणासह.)

इथे आकडेमोडीचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण चाचणी ‘९९ टक्के अचूक’ असली म्हणजे माझे उत्तरही ९९ टक्के अचूक, असे मीही धरून चालले होते. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा, कोणताही विशेष धोका नसलेल्या दहा हजार लोकांची चाचणी केली आणि ती निरोगी माणसाला निरोगी ठरवण्यात साडेनव्व्याण्णव टक्के बरोबर आहे. त्या दहा हजारांत खरोखर बाधित साधारण २० असतील, पण उरलेल्या ९,९८० पैकी सुमारे ५० जणांनाही ती चुकून बाधित म्हणेल. म्हणजे एकट्या पहिल्या चाचणीने लाल झालेल्या सत्तर जणांत पन्नास निर्दोष. म्हणूनच सरकारी केंद्रात एका चाचणीवर कुणालाही एचआयव्हीबाधित ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटांवर नमुना तपासूनच तसा अहवाल देतात. व्हीडीआरएलचेही असेच आहे. गरोदरपण, कुष्ठरोग, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) अशा कारणांनीही ती खोटी लाल होते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी जोडून बघावी लागते. आमच्या पॅकेजमध्ये व्हीडीआरएल होती, दुसरी चाचणी ‘अतिरिक्त शुल्क’ या सदरात होती.

सरकारी केंद्र आम्ही उशिराच बघितले, तेही त्या बाईंनीच पाठवले म्हणून. जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, सगळे त्याला आयसीटीसीच म्हणतात. तिथे एचआयव्हीची चाचणी मोफत होते. आम्ही गेलो त्या केंद्राबाहेरच्या बाकावर पाऊण तास बसावे लागले, पंखा आवाज करत होता, आणि शेजारी प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या चार-पाच बायका हिरवी कार्डे घेऊन बसल्या होत्या. आत समुपदेशक ताईंनी दार लावून घेतले आणि आम्हाला एकेकट्याला बोलावले. जोडप्याला एकत्र बसवून खरी उत्तरे मिळत नाहीत हे त्यांना अनुभवाने माहीत असावे. टेबलावर निरोधाचा डबा, प्रात्यक्षिकाचा लाकडी नमुना आणि जाडजूड रजिस्टर होते. त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता आणि कोणताही शेरा न मारता विचारले. शेवटचा संबंध कधी, निरोध फाटला होता का, जखम, स्राव, ओटीपोटात दुखणे आहे का, रक्त कधी घेतले आहे का. शेवटी म्हणाल्या, “ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घरात पहिल्यांदा कुणाला सांगाल?” त्या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते, आणि त्यांनी मला तेवढा वेळ दिला. बारा चाचण्यांच्या पॅकेजने न दिलेली गोष्ट ही होती. अहवाल त्याच दिवशी, बंद दाराआड, तोंडी समजावून हातात मिळाला.

मोफत मिळते म्हणून त्या व्यवस्थेतली उणीव झाकण्यात अर्थ नाही. ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाच्या सरकारी गुप्तरोग उपचार केंद्रांत मुख्यतः लक्षणांवरून उपचार होतात. स्राव असेल तर एका रंगाच्या पाकिटातल्या गोळ्या, व्रण असेल तर दुसऱ्या रंगाच्या. जिथे प्रयोगशाळा जवळ नाही तिथे ही पद्धत फार उपयोगी पडली आहे. पण ज्या आजाराला लक्षणेच नसतात तो तिच्या जाळ्यातून निसटतो, आणि नियमित तपासणीच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद नेमका इथे उभा राहतो.

क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीही जाणवत नाही, आणि तोच जंतू हळूहळू बीजवाहिन्यांपर्यंत चढून पुढे वंध्यत्व किंवा नळीतली गर्भधारणा घडवू शकतो. सापडला तर काही दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. एवढे ऐकल्यावर सगळ्यांचीच तपासणी करावी असे वाटते, पण पुरावा तितका सरळ नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या सिअ‍ॅटलच्या अभ्यासात, निवडून बोलावून तपासलेल्या स्त्रियांमध्ये वर्षभरातले ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण न बोलावलेल्यांच्या निम्म्याहून कमी आढळले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या विद्यार्थिनींच्या अभ्यासात फायदा तितका ठळक दिसला नाही, आणि वर्षभरात ज्यांना तो त्रास झाला त्यांतल्या बहुतेक जणी सुरुवातीच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या होत्या. एकदा तपासून आयुष्यभराचे प्रमाणपत्र मिळत नाही, एवढे यातून कळते. अमेरिकेतला तोच कार्यगट आज चोवीस वर्षांपर्यंतच्या लैंगिकदृष्ट्या सक्रिय स्त्रियांना, आणि त्याहून मोठ्या वयात नवा जोडीदार किंवा अन्य धोका असलेल्यांना क्लॅमिडिया व गोनोरियाची तपासणी सुचवतो. पुरुषांबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याचे सांगतो. इंग्लंडने २००३ पासून तरुण-तरुणी दोघांसाठीही चालवलेली क्लॅमिडिया मोहीम २०२१ मध्ये स्त्रियांपुरती वळवली, कारण उपचारावाचूनची हानी मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येते. माझे वय छत्तीस, पण जोडीदार नवा, म्हणून बाईंनी माझ्यासाठी ती चाचणी योग्य ठरवली आणि स्वॅबवर पुन्हा करून घेतली. निकाल निर्दोष आला. पॅकेजमधल्या क्लॅमिडियाच्या रक्तातल्या अँटिबॉडीकडे त्यांनी बघितलेही नाही. ती पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गाची खूण असू शकते, आजच्या संसर्गाचा पुरावा होत नाही.

जिथे नियमित तपासणीबद्दल मला काडीचीही शंका उरली नाही ती जागा म्हणजे गरोदरपण. त्या बाकावरच्या हिरव्या कार्डवाल्या बायकांची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी होते. सिफिलिस वेळेत सापडला तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आईबरोबर बाळही वाचते, आणि सापडला नाही तर गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मजात सिफिलिस हे धोके असतात. स्वस्त चाचणी, जुने खात्रीचे औषध आणि मोठी हानी टळणे, हे तिन्ही एकत्र येणारी जागा वैद्यकात क्वचितच मिळते. एचआयव्हीचेही आता तसेच आहे. २०१७ पासून आपल्याकडे निदान होताच, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या कितीही असो, मोफत औषधे सुरू करतात. नियमित औषधांनी विषाणूचे प्रमाण मोजण्याइतकेही न उरलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून तो पसरत नाही.

ज्यांचे जोडीदार बदलतात, जे पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतात, जे एचआयव्ही टाळण्यासाठी प्रेपच्या गोळ्या घेतात, त्यांना दर तीन ते सहा महिन्यांनी तपासायला सांगतात, आणि एचआयव्ही व सिफिलिसपुरते ते मला पटते. क्लॅमिडिया-गोनोरियाच्या बाबतीत तिथेही वाद आहे. बेल्जियममध्ये प्रेप घेणाऱ्यांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लक्षणांवाचून दर तीन महिन्यांनी तपासणी न केलेल्या गटात संसर्ग काहीसे जास्त आढळले, पण प्रतिजैविकांचा वापर कमी झाला. दोन्ही पारड्यांत वजन आहे, आणि कुठले जड मानायचे हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो आहे. आपल्याकडे तो विचार व्हायच्या आधीच कूपन आले आहे. सक्तीचा मोह तर वेगळाच. गोव्यात लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा विचार २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पुढे आला होता. आम्ही आपखुशीने तपासले तरी एका लाल आकड्याने आठवडाभर बोलणे बंद झाले. तोच आकडा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या हाती पडला असता तर लग्न उरले नसते.

तर या पॅकेजला मी पाचापैकी दीड गुण देते. नमुना घेणाऱ्या मुलाच्या हाताला अर्धा, आणि एचआयव्ही, व्हीडीआरएल, कावीळ बी-सी या चार योग्य चाचण्यांना एक. हर्पिसच्या अँटिबॉडी, क्लॅमिडियाच्या अँटिबॉडी आणि युरियाप्लाझ्मा काढून टाकले, स्त्रियांसाठी स्वॅबची सोय केली, नोंदणीच्या वेळी सहा प्रश्न विचारले आणि लाल अहवाल माणसाच्या तोंडून सांगितला, तर हेच पॅकेज निम्म्या किमतीत दुप्पट उपयोगाचे होईल. तोवर लग्नाआधी तपासायचे असल्यास आयसीटीसी, आणि तिथे न होणाऱ्या चाचण्यांसाठी आधी गुप्तरोगतज्ज्ञ, मग लॅब, असा क्रम धरावा. १०९७ या मोफत क्रमांकावर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

एक गोष्ट पॅकेजच्या हातून अपघाताने चांगली झाली. कावीळ बीचा अहवाल हिरवा होता, पण बाईंनी विचारले, “संसर्ग नाही हे कळले, संरक्षण आहे का?” ती चाचणी बारांत नव्हतीच. वेगळी केली तेव्हा दोघांतही संरक्षण आढळले नाही. ही लस बाळांच्या सार्वत्रिक लसीकरणात देशभर २०११ पासून आली, आमच्या पिढीला ती मिळालेली नाही. दोन डोस झाले आहेत, तिसरा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे लग्नानंतर पंधरा दिवसांनी येतो. काल ॲपचाही संदेश आला आहे: ‘आपली लैंगिक आरोग्य तपासणी पुन्हा करण्याची वेळ झाली, जोडप्यांसाठी वीस टक्के सूट.’